जहाजाचे साठ दांडे

लातूरच्या एमआयडीसीत मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या कारखान्यात फक्त डाळमिलीचे सुटे भाग बनायचे. रोलरचे शाफ्ट, पुल्या, बेअरिंगची घरं. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, चार लेथ, एक मिलिंग मशीन आणि दाराजवळ काचेची केबिन. केबिनमध्ये मालक बसायचे. त्यांच्या वडिलांनी हे सगळं सुरू केलं होतं, आणि मालकांनी त्यात फारसं काही बदललं नव्हतं.

मी मुदखेडची. वडील रेल्वेत कीमन होते, म्हणजे रोज ठराविक अंतर रुळांवरून चालायचं, सुटलेल्या चाव्या हातोडीनं ठोकून बसवायच्या आणि कुठं तडा दिसला तर कळवायचं. मी नांदेडला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि लातूरला तपासणीच्या कामावर लागले. तयार झालेला पीस मोजायचा, वहीत लिहायचा, बरोबर असेल तर हिरवा ठिपका लावायचा, नसेल तर लाल.

खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं लाल रंगाची बाटली फारशी उघडावीच लागली नाही. डाळमिलीचा शाफ्ट थोडा जाड-बारीक झाला तर मिलवाले आपला फिटर लावून तो बसवून घ्यायचे. आमचे सुपरवायझर निलंग्याकडचे. घरी शेती, धाकटा भाऊ सैन्यात. त्यांच्या तोंडी एक शब्द कायम असायचा. मी काही दाखवायला गेले की ते पीस हातात घेऊन फिरवायचे आणि म्हणायचे, "चालतंय." शब्द वाईट नव्हता. त्यात कुणाला फसवायचा हेतूही नव्हता. डाळमिलीत ते खरोखर चालायचं.

मग एके दिवशी मालक पुण्याहून एक ड्रॉईंग घेऊन आले. पुण्यातली एक कंपनी नौदलाच्या नव्या जहाजांसाठी व्हॉल्व्ह बनवत होती. समुद्राचं पाणी जहाजात घेणाऱ्या पाइपांवर बसणारे ते व्हॉल्व्ह. त्यातला मधला दांडा, ज्याच्यावर चाक बसवून व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात, तो बाहेरून करून घ्यायचा होता. ब्राँझचा, बत्तीस मिलिमीटर जाडीचा. पहिली ऑर्डर साठ दांड्यांची.

मालकांनी सगळ्यांना लेथजवळ बोलावलं. ड्रॉईंग टेबलावर पसरून ते म्हणाले, "समुद्र कुणी कुणी बघितलाय?"

बारा माणसांत तिघांनी हात वर केले. त्यातले दोघे दर्ग्याला आणि देवाला म्हणून मुंबईला जाऊन आलेले. तिसरी मी. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर वडिलांबरोबर जायचे तेव्हा बघितलेला.

सुपरवायझरांचा आनंद मोठा होता. त्यांनी दुसऱ्या दिवशी नारळ फोडला, मोठ्या लेथवर तिरंग्याचं स्टिकर लावलं आणि मोबाइलच्या स्टेटसला युद्धनौकेचा फोटो ठेवला. भावाला फोन करून सांगितलं, "आता मी पण देशाचं काम करून राहिलो." ते ज्या पद्धतीनं बोलले त्यात काही दिखावा नव्हता.

लेथवर मुख्य कारागीर होते त्यांना आम्ही सगळे उस्ताद म्हणायचो. साठीला आलेले, कंधारचे. चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. त्यांनी ड्रॉईंग चष्म्याजवळ नेऊन बराच वेळ वाचलं आणि एका आकड्यावर बोट ठेवलं.

"बेटी, हे काय लिवलंय? वीस मायक्रॉन?"

"हाव उस्ताद. बत्तीसपेक्षा जास्त व्हायचं नाही, आणि कमी झाला तर वीस मायक्रॉनपर्यंतच."

वीस मायक्रॉन म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीचा साधारण चौथा हिस्सा. उस्तादांनी मान हलवली. "मग सकाळच्या टायमाला करू. दुपारी पत्रा तापला की माल फुगतो. थंड झाला की बारीक पडतो." आणि त्यांनी कामाची वेळच बदलून घेतली. सकाळी सातला येऊन दुपारी बारापर्यंत दांडे, बारानंतर डाळमिली.

बाहेर या गोष्टीचं कौतुक होतं तसंच हसूही होतं. मी जिथं खोली घेऊन राहत होते तिथल्या घरमालकीणबाई नळाला पाणी आलं की सगळ्या गल्लीला हाका मारायच्या, कारण ते आठ-दहा दिवसांनी एकदा यायचं. त्या मला म्हणाल्या, "जहाजाचे पार्ट करून राहिल्या म्हणं तुम्ही. तितकं पाणी हाय त्यांच्यापाशी, जरा इकडं सोडा म्हणावं." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

रविवारी मुदखेडला गेले तेव्हा वडिलांना सांगितलं. वडील निवृत्त झाल्यापासून रोज पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायचे आणि संध्याकाळी विहारात जाऊन त्यावर वाद घालायचे. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चांगलं हाय. तुझं काम चांगलं हाय. पण मला एक सांग बाई, जो देश लढाईचं जहाज बांधतो, त्याला गटारीत माणूस उतरवायची गरज काऊन पडावी?"

आई म्हणाली, "ती दांडे मोजती, सरकार चालवत न्हाई. जेवू द्या तिला."

मला स्वतःला त्या वेळी काय वाटत होतं, तर विशेष काही नाही. ना सुपरवायझरांसारखा अभिमान, ना वडिलांसारखा राग. वेगळं, जरा अवघड काम मिळालं याचं बरं वाटत होतं, एवढंच.

आता माझ्या चुकीची गोष्ट.

दांडे मोजायला आम्ही नवा मायक्रोमीटर घेतला होता. पंचवीस ते पन्नास मिलिमीटरचं माप घेणारा. लहान मायक्रोमीटर पूर्ण मिटवला की शून्य दाखवतो का ते लगेच बघता येतं. हा तसा मिटत नाही. त्याच्या पेटीत बरोबर पंचवीस मिलिमीटरचा एक छोटा गोल तुकडा येतो. रोज सकाळी तो तुकडा मोजायचा. बरोबर पंचवीस दाखवलं तर मायक्रोमीटर ठीक. हे मला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं आणि पहिले काही दिवस मी ते नेमानं केलंही.

एका दुपारी फोन वाजला म्हणून मी वळले आणि कोपराचा धक्का लागून मायक्रोमीटर टेबलावरून खाली पडला. फरशीवर नाही, खाली पुठ्ठ्याचं खोकं होतं त्यावर. मी उचलला, फुंकर मारली, फिरवून बघितला. गुळगुळीत फिरत होता. पेटीत ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी माल घेऊन जाणारा टेम्पो लवकर येणार होता, घाई होती. तुकडा मोजायचा राहून गेला. त्यानंतरही राहूनच गेला, कारण एकदा राहिलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

साठ दांडे झाले. माझ्या वहीप्रमाणे सगळे बरोबर. पुण्याच्या कंपनीनं त्यातले पाच उचलून मोजले, तेही बरोबर निघाले, माल घेतला. मालकांनी सगळ्यांना पेढे वाटले. लगेच दुसरी ऑर्डर आली.

दुसऱ्या ऑर्डरीचं काम सुरू करायच्या दिवशी, शनिवार होता, मी पेटी साफ करत होते. तो छोटा तुकडा हातात आला. सहज मोजला. पंचवीसच्या जागी पंचवीस आणि वर वीस मायक्रॉन दाखवत होता. पुन्हा पुसून मोजला. पुन्हा तेच. पाच वेळा मोजला.

याचा अर्थ मला लगेच कळला. मायक्रोमीटर प्रत्येक दांडा आहे त्यापेक्षा वीस मायक्रॉन जाड दाखवत होता. त्या आकड्यावरून उस्ताद आणखी थोडं कापत गेले होते. मी ज्याला बरोबर म्हणून हिरवा ठिपका लावला, त्यातले कित्येक प्रत्यक्षात बारीक होते. पडायच्या आधी मोजलेले ठीक असणार. पुण्यात तपासलेले पाच त्यातलेच असावेत. नंतरचे ठीक नव्हते. किती, ते सांगता येत नव्हतं, कारण पडल्याची तारीख वहीत नव्हती आणि माल गेला होता.

मी सुपरवायझरांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी मायक्रोमीटर उलटसुलट करून बघितला.

"वीस मायक्रॉन ना? मॅडम, त्यांनी माल पास केलाय. आपल्यापाशी त्यांची सही हाय."

"सही पाच दांड्यांवर आहे."

"मग? एवढ्यानं जहाज बुडणार हाय का? चालतंय. आता नवा लॉट बरोबर करू." मग आवाज खाली आणून म्हणाले, "लई मुश्किलीनं आलंय हे काम लातूरला. असं काही सांगितलं तर पुन्हा कोण देईल? मुंबई-पुण्याची माणसं म्हणतील, मराठवाड्याला जमत न्हाई."

हे शेवटचं वाक्य मला लागलं, कारण तेच माझ्याही मनात आलं होतं. आणि त्याखाली आणखी एक गोष्ट होती जी ते बोलले नाहीत. चूक माझी होती. बाई तपासणीला ठेवली म्हणून असं झालं, हेही कुणीतरी म्हणणार होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी शेडच्या मागं जाऊन वडिलांना फोन लावला. सगळं सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "मालकाला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला काऊन सांगून राहिलीस?"

आणि फोन ठेवला. मला त्यांचा राग आला. चार शब्द बरे बोलले असते तर काय झालं असतं, असं वाटलं. पण फोन ठेवल्यावर करण्यासारखं एकच काम उरलं होतं.

मालक केबिनमध्ये जेवत होते. मी उभ्यानंच सांगितलं. मायक्रोमीटर कसा पडला, तुकडा मोजायचा कसा राहिला, सगळं. त्यांनी डबा झाकला. मग म्हणाले, "तुला आज सांगायचं सुचलं?"

"आज कळलं."

"पेढे वाटून झाल्यावर."

त्यांनी सुपरवायझरांना आणि उस्तादांना आत बोलावलं. सुपरवायझरांनी त्यांचं म्हणणं मांडलं. मालकांची मान हलत होती, त्यांना ते पटत होतं हे दिसत होतं. मग त्यांनी उस्तादांना विचारलं.

उस्ताद म्हणाले, "दांडे म्या केले. मोजताना बेटी चुकली, पण कापले म्या. बारीक कापले गेले हे माझ्या हाताला कळाया पायजे होतं. नजर गेली आता माझी. मालक, माल परत मागवा. मी पुन्हा करून देतो. फुकट करतो."

"फुकटचं नका बोलू उस्ताद," मालक म्हणाले. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि पुण्याला फोन लावला. फोनवर ते उभे राहून बोलले. मी त्यांना उभं राहून फोनवर बोलताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

सोमवारी मी आणि मालक पुण्याला गेलो. त्या कंपनीत तपासणीला एक वयस्कर गृहस्थ होते, कोकणातले, नौदलातून निवृत्त झालेले. जहाजाच्या इंजिनरूममध्ये उमेदीची वर्षं घालवलेली. त्यांनी आमचे साठही दांडे टेबलावर मांडून ठेवले होते. म्हणजे साठ नव्हेत, चोपन्न. सहा दांडे व्हॉल्व्हमध्ये बसवून झाले होते, आणि त्यातले दोन व्हॉल्व्ह मुंबईला गोदीत पोचले होते. ते दोन त्यांनी फोन करून परत मागवले होते, दुपारपर्यंत येणार होते.

दिवसभर आम्ही एकेक दांडा मोजला. ते मोजत, आकडा सांगत, मी लिहीत. एकोणीस बारीक निघाले. त्यातले तीन व्हॉल्व्ह उघडून काढलेल्या सहांतले.

संध्याकाळी चहा आला तेव्हा मी त्यांना विचारलं, "सर, खरं सांगा. यानं काय झालं असतं?"

ते म्हणाले, "जहाज बुडलं नसतं. तशी भीती घालून घेऊ नका. दांड्याभोवती पाणी अडवणारं पॅकिंग असतं. दांडा बारीक असला की तिथून पाणी झिरपतं. थेंब थेंब. मग पॅकिंग आवळायचं. ते आवळलं की चाक जड फिरतं. आणि एखाद्या दिवशी ते घाईनं मिटवायची वेळ आली तर एका माणसाच्या जागी दोन माणसं लागतात." त्यांनी कप खाली ठेवला. "मी ज्या जहाजावर पहिल्यांदा गेलो ते परदेशातून घेतलेलं जुनं जहाज होतं. एक साधा भाग खराब झाला की तिकडून यायची वाट बघायची. महिनोन्‌महिने धक्क्याला उभे राहायचो. लोकांना वाटतं जहाज म्हणजे तोफा. आमचं आयुष्य गळती बंद करण्यात गेलं. आता तो भाग लातुरात होतोय, ही मोठीच गोष्ट आहे. पण लातुरातला भाग आम्ही लातूरचा म्हणून सवलतीनं नाही घेणार."

मालक म्हणाले, "सवलत नको आम्हाला."

"नकोच. तुम्ही फोन केलात म्हणून पुढचं बोलतोय. नाहीतर तुमचं नाव यादीतून गेलं असतं."

तरीही ऑर्डर थांबली. आमच्याकडची सगळी मापं तपासून घ्या, पद्धत लिहून काढा, मग आम्ही येऊन बघू, मग पुन्हा थोडे दांडे देऊ, असं त्यांनी कळवलं. ते 'मग' यायला पाच महिने गेले.

हे पाच महिने माझे चांगले गेले नाहीत. सकाळचं दांड्याचं काम गेल्यामुळं ओव्हरटाइम बंद झाला. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण मी आले की बोलणं थांबायचं. एक मिलिंगवाला उघडपणे म्हणाला, "हरिश्चंद्राची बहीण आली." मी एकदा नोकरी सोडायचं ठरवलं होतं. नांदेडला एका ठिकाणी जागा होती, घरापासून जवळ. अर्जही लिहिला. मग वाटलं, आत्ता गेले तर चूक तेवढी इथं राहील, बाकी काही राहणार नाही. अर्ज वहीत तसाच ठेवला.

सुपरवायझर महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. लेथवरचं स्टिकर त्यांनी काढलं नाही, पण स्टेटस ठेवणं बंद केलं. मग एकदा त्यांचा भाऊ सुट्टीवर आला होता, तो कारखाना बघायला आला. सुपरवायझरांनी त्याला सगळं दाखवलं आणि माझ्या टेबलापाशी आणून म्हणाले, "ह्या मॅडम. ह्यांनी आमचे एकोणीस पीस परत आणले." मला वाटलं टोमणा आहे. भाऊ मात्र म्हणाला, "आमच्याकडं पण येतो असला माल. बूट येतात, दोन महिन्यांत तळ सुटतो. कुणी पास केला असंल त्याला भेटायची लई इच्छा हाय." तो हसत बोलला. सुपरवायझर हसले नाहीत. ते तिथून निघून उस्तादांच्या लेथपाशी जाऊन उभे राहिले.

त्यानंतर त्यांच्यात जो बदल झाला तो एकदम नाही झाला. पण रोज सकाळी मी पेटी उघडायच्या आधी ते येऊन विचारायला लागले, "तुकडा मोजला का?" मी मोजून दाखवल्याशिवाय ते जायचे नाहीत. सुरुवातीला मला ते आवडायचं नाही. मग सवय झाली.

पुण्याचे ते गृहस्थ तपासायला आले तेव्हा दिवसभर थांबले. दहा दांडे त्यांच्यासमोर केले. सहावा दांडा उस्तादांनी लेथच्या चकातून काढला आणि माझ्याकडे द्यायच्या आधी सुपरवायझरांनी तो हातात घेऊन उजेडात धरला. एका ठिकाणी हलका ओरखडा होता. मापात काही चूक नव्हती. त्यांनी स्वतःच लाल बाटली उघडली आणि ठिपका लावला. पुण्याच्या गृहस्थांनी ते बघितलं. वहीत त्यांनी काहीतरी लिहिलं. पुढच्या आठवड्यात चाळीस दांड्यांची ऑर्डर आली.

त्या वर्षी डिसेंबरात मी आणि वडील नेहमीसारखे मुंबईला गेलो. वडिलांना निवृत्तीनंतरचा रेल्वेचा पास होता. त्या सुमारास नौदलाची काही जहाजं लोकांना बघायला खुली होती. मी म्हटलं, जाऊ या का. वडील म्हणाले, "तू दांडे करतीस, तर बघू या कुठं लावतात."

रांग मोठी होती. शाळेची मुलं, बायका, खेड्यापाड्यातून आलेली माणसं. बरेचसे आमच्यासारखेच चैत्यभूमीसाठी आलेले, पांढऱ्या कपड्यांतले. जहाजावर चढल्यावर सगळे तोफेपाशी फोटो काढायला लागले. वडील तिकडं गेलेच नाहीत. त्यांनी एका तरुण नौसैनिकाला गाठलं आणि हिंदीत विचारलं, "इतने लोग रहते, तो पीने का पानी कहाँ से लाते?"

नौसैनिकानं सांगितलं की जहाजावरच यंत्र आहे, समुद्राच्या पाण्याचं गोड पाणी करतं. वडिलांनी ते यंत्र केवढं असतं, रोज किती पाणी देतं, कसं चालतं, सगळं विचारलं. मग म्हणाले, "और संडास? वो कौन साफ करता है?"

मला अवघडल्यासारखं झालं. नौसैनिकाला मात्र काही वाटलं नाही. तो म्हणाला, "हम ही करते हैं, अंकल. सबकी बारी लगती है. बाकी गंदा पानी मशीन में जाता है, साफ होके बाहर निकलता है."

"सबकी बारी? अफसर की भी?"

तो हसला. "अफसर के यहाँ भी कोई बाहर से नहीं आता, अंकल."

परत उतरताना वडील म्हणाले, "म्हणजे येतं सगळं आपल्याला. करायचं कुठं ते ठरवावं लागतं." एवढंच. त्यांनी ना जहाजाचं कौतुक केलं, ना टीका. खालचा भाग, जिथं आमचे व्हॉल्व्ह असतील, लोकांना दाखवत नाहीत असं कळलं. वडिलांना त्याचं वाईट वाटलं. मला फारसं नाही.

मुदखेडला आल्यावर त्यांनी विहारात हे सगळं सांगितलं. आईच्या म्हणण्याप्रमाणे वाद दोन दिवस चालला. अर्धे म्हणाले, जहाजावर शंभर माणसं असतात, गावात हजारो, तुलना होत नाही. अर्धे म्हणाले, म्हणूनच तर. वडील दोन्हीकडून बोलत होते म्हणे.

मागच्या पावसाळ्यानंतर पुण्याहून आणखी एक ड्रॉईंग आलं. या वेळी दांडा नव्हता, व्हॉल्व्हच्या आतली गोल चकती होती. तिरप्या कडेची, आणि माप वीस नाही, पाच मायक्रॉनचं. मालकांनी ते टेबलावर पसरलं. उस्तादांनी बघितलं. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, चष्मा नवा होता.

"मालक, हे आपल्या लेथवर न्हाई होत," ते म्हणाले. "दहात एखादा होईल. तो पण नशिबानं."

सुपरवायझरांनी ड्रॉईंग आपल्याकडे ओढून घेतलं आणि नीट वाचलं. मला वाटलं, आता ते म्हणतील करून बघू. ते म्हणाले, "कॉम्प्युटरवाली मशीन लागंल याला. आन् ती चालवाया शिकलेला माणूस. आपल्यात कुणी न्हाई."

"मग काय लिहू त्यांना?" मालकांनी विचारलं.

मग मालकांनी माझ्याकडं कागद सरकवला. "लिही. आज आमच्याकडं हे होत नाही. साधारण एका वर्षानं विचारा."

मी लिहिलं. त्यांनी 'साधारण' खोडलं आणि सही केली. पुढच्या महिन्यात सुपरवायझर मशीन शिकायला दोन महिन्यांसाठी पुण्याला गेले. पन्नाशीला टेकलेला माणूस वीस वर्षांच्या मुलामुलींच्या शेजारी बाकावर बसून प्रोग्रॅम लिहायला शिकतोय, असं त्यांनी स्वतःच फोनवर सांगितलं. गणित कच्चं आहे, त्रिकोणमितीत अडकतो, म्हणाले. मी त्यांना संध्याकाळी फोनवर उदाहरणं समजावून सांगते. काल साइन आणि कोसाइनमध्ये पुन्हा गोंधळ झाला. उद्या पुन्हा करायचंय.